लाईट गेल्यावर सीएनसीवर होणाऱ्या चुका: घाईने रिझ्यूम दाबू नका

पावसाळा लागला की आमच्याकडे लाईटीचा लपंडाव सुरू होतो आणि सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या मशीनवर, काम करणाऱ्यांचे मला फोन यायला लागतात. "काका, लाईट गेली, परत आली, मी रिझ्यूम मारलं तर अक्षरं सरकली!" दरवर्षी तीच चूक आणि दरवर्षी कुणाची तरी चांगली सागाची फळी जळणात. फार जीव तुटतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. घरगुती मशीनच्या साध्या स्टेपर मोटरला (छोट्या ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) आपण कुठे आहोत हे कळत नाही. कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा बोर्ड, पल्स (एकेका पावलाचा विजेचा इशारा) पाठवतो, मोजतो आणि मोटर तितकी फिरली असं धरून चालतो. मोटरची वीज तुटली की स्क्रीनवरच्या आकड्यांचा आणि बिटच्या (कोरणाऱ्या पात्याच्या) जागेचा संबंध संपला.

माझ्या ३०१८ या छोट्या मशीनचा बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर जिवंत राहतो, मोटर आणि स्पिंडल (बिट गरगर फिरवणारा भाग) २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. बहिणीच्या वास्तुशांतीसाठी दारावरची पाटी कोरत होतो, तीन तासांचं काम संपत आलेलं. दिवे जेमतेम दोन सेकंद गेले. लॅपटॉप बॅटरीवर, त्यामुळे बोर्ड पल्स पाठवतच राहिला, मोटर मात्र जागच्या जागी. लाईट आली, स्पिंडल आपोआप फिरला आणि उरलेलं सगळं काम ११ मिलिमीटर डावीकडे सुरू झालं. 'निवास'मधला 'स' थेट 'वा'च्या कान्यावर चढला. स्क्रीनवर एकही एरर नव्हती. मी शेजारी उभा होतो, तरी कळेपर्यंत दोन ओळी खोदून झाल्या होत्या.

तेव्हापासून दिवा नुसता मिचकावला तरी माझा हात आधी इमर्जन्सी स्टॉपवर जातो. छोट्या मशीनचा अडॅप्टर कॉम्प्युटरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर आरामात चालतो, तो जरूर लावा. मात्र मोटर यूपीएसवर आणि ट्रिमर (स्पिंडलच्या जागी बसवलेलं हातातलं कोरण्याचं यंत्र) थेट भिंतीच्या प्लगवर, असं कधीही करू नका. लाईट गेली की ट्रिमर थांबतो, मोटर मात्र थांबलेला बिट लाकडात रेटत राहते आणि बिट तुटतो. शिवाय ट्रिमरचा खटका चालूच राहिला असेल तर लाईट आल्याबरोबर तो फिरायला लागतो. बिटजवळ हात नेण्याआधी खटका बंद करा आणि प्लग काढा, दोन्ही.

दुसरी चूक, जिचा मला खरोखर राग येतो. जीआरबीएल, म्हणजे बोर्डातला मशीन चालवणारा प्रोग्राम, 'अलार्म ३' दाखवतं, म्हणजे मशीन हलत असताना रीसेट झालं, जागेचा भरवसा नाही. किंवा कमांड दिली की 'एरर ९' येते, म्हणजे मशीन लॉक आहे. नवशिके व्हिडिओत बघून डॉलर एक्स ($X) ही कमांड टाकतात, लॉक उघडतं आणि त्यांना वाटतं दुरुस्त झालं. लॉक उघडल्याने जागा सापडत नाही. लिमिट स्विच (मशीन कडेला पोचलं की कळवणारे खटके) बसवलेले असतील तर डॉलर एच ($H) देऊन होमिंग करा, म्हणजे मशीन त्या स्विचला टेकून आपली जागा परत ठरवतं. जी ५४ चा झिरो (कामाचा ठरवलेला सुरुवातीचा बिंदू) बोर्डाच्या मेमरीत टिकतो, होमिंगनंतर तो परत हाती लागतो. जी ९२ या दुसऱ्या कमांडने घेतलेला झिरो रीसेटबरोबर जातो, म्हणून मी ते वापरतच नाही.

लिमिट स्विच नसतील तर झिरोची खूण लाकडावर हवी. मी फळीच्या टाकाऊ कोपऱ्यात टोकदार व्ही-बिटने बारीक टिंब पाडून ठेवतो आणि झेडसाठी, म्हणजे बिटच्या उंचीसाठी, वहीचा कागद बिटखाली सरकवून बघतो. पाच मिनिटं जातात. जाऊ द्यावीत.

बिट लाकडात रुतलेला असेल तर आधी झेड वर घ्या, एक्स-वायला (आडव्या-उभ्या सरकण्याला) हात लावू नका. व्हॅक्यूम क्लीनर आणि मशीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर नको. लॅपटॉपचा स्लीप मोड बंद. घरच्या इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर तोच ठेवा. मोठं काम एका फाईलमध्ये कोंबू नका, मी चाळीस-चाळीस मिनिटांचे तुकडे करतो.

पुन्हा सुरू करताना जिथे झेड वर उचललेला आहे अशी फाईलमधली मागची ओळ निवडा. त्याआधी जी २१ (मिलिमीटरचं माप), जी ९० (झिरोपासून मोजलेली जागा), स्पिंडल चालू आणि फीड (बिट सरकण्याचा वेग), हे सगळं बोर्डाकडे गेलंय ना ते बघा. मग झेडचा झिरो ५ मिलिमीटर वर धरून थोडं हवेतच चालवा आणि डोळा खाली नेऊन बघा. बिट आधीच्या रेषेवरून नेमका जातोय असं दिसलं, तरच झिरो जागेवर आणा.