लहान सॉ मिलमध्ये मोठे ओंडके कसे हाताळावेत आणि चिरावेत

कोकणातील एखाद्या लहान सॉ मिलमध्ये दिवसभर काम पाहिले, तर करवतीचा दातेरी पट्टा प्रत्यक्ष लाकडात फिरत असतो तो वेळ थोडा आणि ओंडका हलवण्यात, फिरवण्यात व नीट बसवण्यात जाणारा वेळ कितीतरी मोठा असल्याचे लक्षात येते. एका ओंडक्यातून किती चांगल्या फळ्या निघतील, पट्टा किती टिकेल आणि संध्याकाळी सगळे धडधाकट घरी जातील का, याचा बराचसा निकाल यंत्र सुरू होण्याआधीच आवारात लागतो. म्हणून या लेखात यंत्राइतकेच, किंबहुना थोडे अधिक, आवारातील कामाविषयी लिहिले आहे.

परवाना आणि मालाची कागदपत्रे

जंगलांच्या संरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून दिलेले आदेश आणि केंद्र सरकारने २०१६ साली लाकूड-आधारित उद्योगांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचना यांमुळे लाकूड चिरण्याची गिरणी मनात आले म्हणून उघडता येत नाही. वनविभागाचा परवाना आधी, यंत्राची खरेदी नंतर, हा क्रम मोडू नये. जुनी गिरणी चालवायला घ्यायची असली, तरी परवान्यावरील नाव, जागा आणि यंत्रांचा तपशील प्रत्यक्षाशी जुळतो का, हे वनविभागाकडूनच तपासून घ्यावे. साग, आंबा, फणस, खैर, ऐन यांसारखी झाडे खासगी जमिनीत असली, तरी त्यांच्या तोडीला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. त्यामुळे गिऱ्हाईक ओळखीचे असले, तरी तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना पाहिल्याखेरीज ट्रकमधून ओंडका उतरवून घेऊ नये, आणि आवक-जावकीची नोंद त्याच दिवशी करावी.

मोजणी आणि वजनाचा अंदाज

आपल्याकडे लाकडाच्या व्यवहारात ओंडक्याच्या मध्यावरची गोलाई इंचांत मोजतात, तिला चारने भागून आलेल्या आकड्याचा वर्ग करतात, त्याला फुटांतील लांबीने गुणतात आणि १४४ ने भागून घनफूट काढतात. समजा आंब्याचा ओंडका १० फूट लांब आणि ७२ इंच गोलाईचा आहे. चौथाई गोलाई १८, तिचा वर्ग ३२४, म्हणून माप २२.५ घनफूट. मात्र हे व्यापाराचे माप आहे; चिरताना जाणारी तूट त्यात आधीच काही प्रमाणात वजा धरलेली असते. ओंडक्याचे खरे घनफळ सुमारे २८.६ घनफूट, म्हणजे ०.८१ घनमीटर भरते.

उचलण्याच्या साधनांसाठी हे दुसरे, मोठे माप धरावे. ताज्या तोडीचे लाकूड पाण्याने जड असते. एका घनमीटरला १००० किलो धरून चालले, तर आंब्याच्या बाबतीत अंदाज सहसा सुरक्षित बाजूला राहतो. म्हणजे वरचा ओंडका ८०० किलोंच्या आसपासचा झाला. व्यापारी मापावरून वजन काढणाऱ्याचा हिशेब पाचव्या हिश्श्याने कमी पडतो, आणि साखळी तुटते ती नेमकी अशाच हिशेबाने.

आवारातील साठवण

ओंडके थेट मातीवर टाकू नयेत. दोन आडवी, टिकाऊ लाकडे खाली घालून त्यांवर ते रचावेत, प्रत्येक थराच्या दोन्ही टोकांना पाचरी माराव्यात आणि रास माणसाच्या छातीपेक्षा उंच करू नये. ओंडका काढताना नेहमी वरचा काढावा. मधला हवासा वाटला म्हणून खालून पहार घालणे हा या धंद्यातील सर्वांत महागात पडणारा आळस आहे. कापलेल्या टोकांना मेण किंवा जाड तैलरंग लावल्यास टोकांकडून पाणी झपाट्याने उडत नाही आणि चिरा कमी पडतात.

कोणता ओंडका आधी चिरायचा, हे जातीवरून ठरवावे. सागाचा गाभा थांबू शकतो. आंबा आणि रबर मात्र पावसाळ्यात थोड्याच दिवसांत बुरशीने निळसर-काळे पडतात आणि भुंगेरेही त्यांना लवकर धरतात, म्हणून हे ओंडके आले की त्यांचा नंबर पुढे घ्यावा.

लोखंडाचा शोध

गावातील झाड म्हणजे खिळे, तारा आणि कपडे वाळत घालायचे हूक आलेच. रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे खिळे, बांधावरच्या झाडात काटेरी तार आणि देवळाजवळच्या झाडात काय काय असेल ते सांगता येत नाही. झाड कुठे उभे होते, हे मालकाला विचारावे, साल काढून टाकावी आणि हातातील धातुशोधक यंत्र सर्व बाजूंनी फिरवावे. ऐन, खैर, बाभूळ यांसारख्या टॅनिनयुक्त लाकडात लोखंडाभोवती काळा-निळा डाग उमटतो. तो टोकाच्या कापावर दिसला, तर आत खिळा आहे असेच समजावे. साल काढण्याचा आणखी एक फायदा म्हणजे तिच्यात अडकलेले खडे आणि वाळू पट्ट्याच्या दातांपर्यंत पोहोचत नाहीत.

ओंडका ट्रॉलीवर चढवणे

लहान गिरणीत क्रेन नसते, आणि पद्धत नीट असेल तर ती लागतेही क्वचितच. ट्रॉलीच्या, म्हणजे ओंडका ज्यावर बसवून चिरतात त्या गाड्याच्या, उंचीला दोन भक्कम लाकडी घसरण्या टेकवाव्यात. तीन फूट उंचीसाठी नऊ फूट लांबीच्या घेतल्या, तर ८०० किलोंचा ओंडका वर लोटायला घर्षण सोडून सुमारे २७० किलोंचा जोर लागतो. हा जोर निम्मा करण्याची जुनी युक्ती दोरांची आहे. दोन दोरांची एकेक टोके ट्रॉलीच्या चौकटीला नव्हे, तर जमिनीत पक्क्या केलेल्या खांबांना वरच्या बाजूस बांधावीत. दोर खाली आणून ओंडक्याखालून घ्यावेत, त्याला वळसा देऊन मोकळी टोके पुन्हा वर आणावीत आणि तिथून एकदम ओढावे. ओंडका दोरात गडगडत वर येतो आणि लागणारा जोर सुमारे १३५ किलोंवर उतरतो. तो चार माणसे किंवा एक हातरहाट सहज पेलतात. दोर मात्र दुप्पट लांबीचा ओढावा लागतो.

हे करताना ओढणारे सगळे वरच्या बाजूला असावेत. घसरणीच्या खालच्या बाजूला, अगदी पाचर सरकवायलासुद्धा, कुणीही उभे राहू नये. पाचर बाजूने, लांब दांड्याने सरकवावी. हुकूम एकाच माणसाचा असावा, मग तो मिस्त्री असो वा मालक. ओंडका सुटलाच, तर तो पायाने किंवा पहारीने अडवायला जाऊ नये. बाजूला व्हावे; लाकडाचे नुकसान सोसता येते.

साखळीच्या कप्पीने उचलायचे असल्यास हुकापासून ओंडक्याकडे जाणाऱ्या साखळीच्या दोन फाट्यांमधील कोन पाहावा. तो १२० अंशांपर्यंत फाकला, तर प्रत्येक फाट्यावर संपूर्ण ओंडक्याइतका ताण येतो. ६० अंशांच्या आत ठेवल्यास तोच ताण वजनाच्या ५८ टक्क्यांवर येतो.

पट्ट्याची तयारी

पट्ट्याची जाडी तो ज्यावर फिरतो त्या चाकाच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी असावी, असा सर्वमान्य ठोकताळा आहे; ३६ इंची चाकाला ०.९ मिलिमीटर. जाड पट्टा जास्त दिवस टिकेल या समजुतीने तो लहान चाकावर चढवला, तर प्रत्येक फेरीत जास्त वाकून दातांच्या खाचेत तडे जातात. कठीण लाकडासाठी दातांचा पुढचा कल कमी ठेवतात आणि मऊ लाकडासाठी वाढवतात. सागात सिलिकाचे कण असल्याने तो हाताला मऊ वाटला, तरी दात लवकर बोथट करतो. चिरलेली फळी लाटेसारखी येऊ लागली, भुशाऐवजी पीठ पडू लागले किंवा ट्रॉली ढकलायला जोर लागू लागला, की पट्टा उतरवून धार लावावी. जोर वाढवून काम पुढे रेटणे म्हणजे पट्टा आणि लाकूड दोन्ही वाया घालवणे. काम संपल्यावर पट्ट्याचा ताण सैल करण्यास विसरू नये.

चिरण्याचा क्रम

ओंडका बसवताना आधी टोकावरची चीर पाहावी. ती पट्ट्याच्या पातळीला समांतर ठेवली, तर एक-दोन फळ्यांतच संपते. आडवी राहिली, तर प्रत्येक फळीचे तुकडे करते. ओंडका एका टोकाकडे निमुळता असेल आणि बाहेरचे लाकूड निर्दोष असेल, तर सालीला समांतर चिरावे, म्हणजे उत्तम फळ्या पूर्ण लांबीच्या मिळतात आणि निमुळतेपणाची तूट मधल्या, तशाही सदोष भागात जाते. निलगिरी आणि सुरू यांच्या खोडात वाढीचे ताण असतात. एकाच बाजूने चिरत गेल्यास उरलेला ओंडका धनुष्यासारखा वाकतो. अशा वेळी एका बाजूच्या एक-दोन फळ्या काढून ओंडका उलटा फिरवावा आणि समोरच्या बाजूने तितक्याच काढाव्यात. अगदी मधला मगज, म्हणजे खोडाच्या केंद्रातला मऊ भाग, फळीत येऊ देऊ नये, कारण ती फळी वाळताना हमखास फाटते.

तयार फळी २५ मिलिमीटरची हवी असेल, तर २८ ते २९ मिलिमीटर चिरावी. आटण्यासाठी आणि रंध्यासाठी इतके लागतेच. पट्टा चालू असताना अडकलेली ढलपी हाताने काढू नये, आणि पट्ट्याच्या रेषेत, म्हणजे तो तुटला तर जिथे उडेल तिथे, कुणाला उभे राहू देऊ नये. भुशापासून बचावासाठी चांगला मुखपट्टा आणि भुसा ओढणारा पंखा हवा. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्ककारक ठरवले आहे.

फळ्यांची थप्पी आणि वाळवणी

आंबा व रबराच्या फळ्या त्याच दिवशी बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवून काढाव्यात. मग सावलीत, जमिनीपासून दीड फूट उंचीवर थप्पी लावावी. दोन थरांमध्ये एक इंची चौरस रीप (लाकडी पट्टी) सुमारे दोन फुटांच्या अंतराने घालावी, आणि सर्व थरांतील रिपा बरोबर एकावर एक याव्यात. रीप सरकली की फळी तिथेच वाकते. वर वजन ठेवावे आणि पावसाची झड आत येणार नाही, पण वारा खेळेल, अशी ताडपत्री लावावी.

लाकूड वाळले का, हे हाताला अंदाजाने ठरवू नये. थप्पीच्या मधल्या फळीच्या टोकापासून फूटभर आत एक लहान तुकडा कापून लगेच तोलावा, १०३ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेल्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि पुन्हा तोलावा. दोन वजनांतील फरकाला कोरड्या वजनाने भागून शंभरने गुणले की ओलाव्याची टक्केवारी मिळते. ११५ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर आला, तर ओलावा १५ टक्के. घरातील फर्निचरसाठी तो साधारण १२ टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. दमट किनारपट्टीवर केवळ मोकळ्या हवेत ते पावसाळ्यात साधत नाही, म्हणून अशा मालाची थप्पी पाऊस ओसरल्यावर लावावी किंवा तो शेवटी भट्टीत वाळवून घ्यावा.