पक्षी धोक्याची हाक देतात तेव्हा काय बघायचं

हाक ऐकू आली की आधी पक्षी काय करतोय ते बघा. शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) झेपावत असेल तर बरेच छोटे पक्षी एकच बारीक, उंच शीळ घालून गप्प होतात. ती कुठून आली हे सापडत नाही, आणि तोच तिचा फायदा. साप, मांजर किंवा बसलेलं घुबड दिसलं की सातभाई उलट गोळा होतात, कर्कश कलकलाट थांबत नाही. आवाजाच्या मध्यावर, फांदीखाली नि बुंध्याशी, नजर फिरवा.

सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या काठी मार्च ते ऑगस्टमध्ये टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर धोका बहुधा तुम्हीच. अंडी उघड्या जमिनीवर असतात. पायाखाली बघत आल्या वाटेने परता.

घरचे बजरीगर (छोटे पाळीव पोपट) अचानक अंग आवळून थिजले तर खिडकीबाहेर घार शोधा. पिंजऱ्याची मागची बाजू भिंतीला लावा, वर कापड टाका. सोलापूरच्या उन्हाळ्यात चारही बाजू मात्र झाकू नका, आत कोंडतं.

कॉकटील (तुरेवाला पाळीव पोपट) रात्री फडफडला तर मंद दिवा लावा, हळू बोला. लगेच हात घालू नका, तो आणखी आपटतो. शांत झाल्यावर पंखातून रक्त येतंय का तपासा.