मोठ्या संख्येचे गुणधर्म शोधताना या चुका टाळा

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मी मुलांना मुद्दाम देतो. ती १११११११११ चा वर्ग आहे आणि देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांपैकी (१, १२१, १२३२१ अशा) एक. तिचे सगळे गुणधर्म कागद-पेन्सिलीने निघतात. तरी चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात महागात पडते ती एक्सेलवर भिस्त ठेवण्याची चूक. एक्सेल फक्त पंधरा सार्थ अंक सांभाळतं, पुढच्या जागी शून्यं भरतं आणि चकार शब्द काढत नाही. एका मुलाने मला छातीठोकपणे सांगितलं, ‘सर, हिला १०० ने भाग जातो.’ फळ्यावर एकक स्थानी १ ढळढळीत दिसत होता! त्याला शिकवणीतून एक फाइल मिळाली होती आणि तिच्यात संख्येच्या शेवटी ३०० होतं. बिचाऱ्याची अख्खी संध्याकाळ भलत्याच संख्येचे अवयव पाडण्यात गेली होती. विषम संख्येचा वर्ग विषमच असतो, एवढं आठवलं असतं तरी तो पहिल्या मिनिटाला थांबला असता. सेल ‘टेक्स्ट’ केला तर अंक टिकतात, पण गणिताला घेतला की पुन्हा तेच. मी आधी शेवटचा अंक हाताने पडताळतो. यंत्र लागलंच तर पायथॉन ही संगणकभाषा, तिच्यात पूर्णांक पूर्ण राहतो.

दुसरी चूक मला जास्त खुपते, कारण तिच्यात उत्तर बरोबर येतं. अंकांची बेरीज ८१, ‘म्हणून’ ८१ ने भाग जातो! भाग जातो हे खरं, त्यामुळे ही कापरेकरांची हर्षद संख्याही (आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) ठरते. पण ‘म्हणून’ खोटं आहे. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच. १८९९ ची बेरीज २७ येते, पण २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते. झटपट युक्त्या पाठ करणारे इथेच अडकतात. कसोटी का चालते हे विचारायला त्यांना वेळ नसतो. २७ साठी वेगळी कसोटी लागते. ९९९ = २७ × ३७ आणि १००० ला ९९९ ने भागल्यावर बाकी १, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ३२१ + ६५४ + ९८७ + ६७८ + ३४५ + १२ = २९९७, म्हणजे ९९९ ची तिप्पट. एका बेरजेत २७ आणि ३७ दोन्ही हाती आले. मात्र आपले लाख-कोटींचे स्वल्पविराम उजवीकडच्या तीन अंकांनंतर दोन-दोन अंकांवर पडतात. त्यांना गट समजू नका, आधी ते पुसून टाका.

एकदा ३ ने भागलं की ३ संपला असं समजू नका. १११११११११ = ३ × ३७ × १००१००१ इथे पुष्कळजण थांबतात. १००१००१ मध्ये अजून एक ३ आहे, उरतो ३३३६६७.

३३३६६७ मूळ आहे, पण ५० पर्यंत तपासून तसं म्हणू नका. तिचं वर्गमूळ ५७७ च्या थोडं वर आहे, म्हणून ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. कंटाळा येतो, येऊ द्या.

विभाजक मोजताना घातांकात १ मिळवायला विसरू नका. वर्ग केल्यावर आपली संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७², म्हणून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाचे विभाजक सम संख्येने आले, तर गणित पुन्हा करा.

आणि नमुना पुढे ओढू नका. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो: मधल्या स्तंभात बेरीज १० होते, हातचा पुढे सरकतो आणि डावीकडचा ८ गायब होतो.