ऑझिमँडियस फोडताना लघु-गुरू विसरा

एम.ए. इंग्रजीच्या पेपरात इंग्रज कवी शेलीचा 'ऑझिमँडियस' (1818), म्हणजे वाळवंटातल्या मोडक्या पुतळ्याची आणि त्याच्या गर्विष्ठ राजाची कविता, आला की बरेच जण 'सॉनेट, चौदा ओळी, आयंबिक पेंटामीटर' एवढं लिहून मोकळे होतात. एवढं कुठल्याही गाइडात असतं. ओळ फोडून दाखवा: दहा सिलॅबल (उच्चाराचे तुकडे), दोन-दोनचे पाच गट, प्रत्येक गटात आधी हलका मग जोराचा. आयंबिक पेंटामीटर तो हाच.

आपली गोची होते ती इथेच. 'यमाताराजभानसलगं' घोटलेलं, मनाच्या श्लोकांमुळे भुजंगप्रयात कानात बसलेलं. इंग्रजी ओळ दिसली तरी हात आपसूक लघु-गुरू लावतो. माझाही लावायचा आणि ओळ काही केल्या बसायची नाही. आपल्या वृत्तात अक्षर ऱ्हस्व की दीर्घ ते पाहतात, इंग्रजीत जोर कुठे पडतो ते. चौथ्या ओळीतला 'व्हिसेज' घ्या. आपल्या हिशेबाने 'व्हि' लघु, 'से' गुरू. आघात मात्र 'व्हि'वर. म्हणून पेन्सिल उचलण्याआधी डिक्शनरीतली आघाताची खूण बघा. पहिल्या ओळीत मात्र डिक्शनरीही फसवते: 'अँटीक'चा जोर आज 'टी'वर असतो, या मीटरला तो 'अँ'वर हवा. आणि 'ट्रॅव्हलर' तीन नव्हे, दोनच सिलॅबलचा धरायचा, नाहीतर दहाची अकरा होतात.

घाबरू नका, सगळ्या ओळी इतक्या छळत नाहीत. शेवटची 'द लोन अँड लेव्हल सँड्स स्ट्रेच फार अवे' टेबलावर बोट आपटत म्हणा, आपोआप बसते. (स्कॅन्शन, म्हणजे ओळीची ही फोड, करून देणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका. कान तयार होत नाही.) खरी कमाई बाराव्या ओळीत आहे: 'नथिंग बिसाइड रिमेन्स. राउंड द डिके'. 'नथिंग' उलटा गट, आधी जोराचा मग हलका, म्हणजे ट्रोकी; पूर्णविरामानंतर 'राउंड द' पुन्हा ट्रोकी. राजाची फुशारकी संपते न संपते तोच लय दोनदा अडखळते. हे लिहिलंत तर परीक्षक थांबून वाचेल.

राइम स्कीममध्ये (यमकांच्या मांडणीत) गाइडं सर्रास 'पेट्रार्कन' (आठ ओळींचा ऑक्टेव्ह, सहा ओळींचा सेस्टेट, दोन्हींची यमकं वेगळी) छापतात. स्वतः ओळींचे शेवटचे शब्द खाली मांडा, प्रत्येक यमकाला एक अक्षर द्या: एबीएबीएसीडीसी, मग ईडीईएफईएफ. सातव्या ओळीतल्या 'थिंग्ज'चं यमक दहाव्या ओळीतल्या 'किंग्ज'शी जुळतं, म्हणजे ऑक्टेव्ह-सेस्टेटची भिंत शेलीने स्वतःच फोडली आहे. शेक्सपिअरच्या सॉनेटसारखं शेवटच्या दोन ओळींचं जोडयमकही नाही. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीतलं 'स्टोन-फ्राउन' कानाला खटकतं? खटकू दे, अर्धयमक म्हणून नोंदवा. वेळ कमी पडला तर कवीचं चरित्र गाळा, बारावी ओळ गाळू नका.