गावठी कट्ट्याच्या केसमध्ये आधी तारखा वाचा

सरकारी वकिलांत नव्याने आलेल्याला आर्म्स ॲक्टची, म्हणजे शस्त्र कायद्याची फाइल मिळाली की तो आधी शिक्षेचं कलम उघडतो. साहजिक आहे. 2019 च्या दुरुस्तीने विनापरवाना कट्टा बाळगण्याची शिक्षा एक ते तीन वर्षांवरून दोन ते पाच वर्षांवर नेली. बनवणाऱ्या-विकणाऱ्याला तर किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. बाररूममध्ये वाद रंगतो तो यावरच. निम्मे म्हणतात अजून कडक करा. उरलेले कलम 27(3) पुढे करतात: बंदी असलेल्या शस्त्राच्या वापराने मृत्यू झाल्यास त्यात सांगितलेली सक्तीची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दलबीर सिंग प्रकरणात घटनाबाह्य ठरवली होती.

माझं मत विचाराल तर आकडा कितीही वाढवा, केस पहिल्याच पायरीवर पडली की पाच वर्षंही शून्य आणि जन्मठेपही शून्य.

ती पायरी म्हणजे कलम 39. मी तिथेच आपटलो, म्हणून जरा लांबण लावतो. कलम 3 खालच्या, म्हणजे अग्निशस्त्राच्या खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. आयुक्तालयाच्या हद्दीत हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे. कोयता-तलवारीला ती लागत नाही, त्यामुळे त्या केसेस करून आलेल्याला हे सुचतच नाही. मंजुरी आदेश फाइलमध्ये आहे एवढ्यावर थांबू नका. तो वाचा. शेवटपर्यंत वाचा. पंचनाम्यात रिव्हॉल्वर आणि आदेशात पिस्तूल? मागच्या केसचा मजकूर तसाच टाइप झालाय. आदेशात ‘बॅलिस्टिक (शस्त्र तपासणीचा) अहवाल पाहिला’ आणि अहवालावरची तारीख आदेशानंतरची? मग साहेबांनी पाहिलं काय? आरोपीचा वकील उलटतपासात हेच विचारणार, आणि ‘मन लावून मंजुरी दिली नाही’ हा मुद्दा त्याला आयता मिळणार. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतली ती तारीखही आदेशाशेजारी ठेवून बघा. मंजुरी आधीची हवी.

गुन्ह्याची तारीखही बघा. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीआधीचा गुन्हा असेल तर वाढीव शिक्षा मागू नका. घटनेचं कलम 20(1) आड येतं: गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यात होती त्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही.

सील, लेबल, मुद्देमाल नोंद, पंच फितूर होणं, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण आलंय. क्लिप असेल तर स्वतः पाहा, तपासी अंमलदाराच्या शब्दावर जाऊ नका.

‘तयार ड्राफ्ट आहे, नाव बदल’ म्हणणाऱ्या सीनियरपासून चार हात लांब राहा. खरं शिकवतो तो मुद्देमाल कारकून, त्याच्याजवळ बसा.

घाबरू मात्र नका. आदेशातली चूक दोषारोपपत्र जाण्याआधी सापडली तर बहुतेक वेळा एका पत्राचं काम असतं. तपासी अंमलदार कुरकुर करेल. करू द्या, पण पत्राची पोच घ्या.