शासन निर्णय वाचून योजनेचे नियम समजून घेण्याची रीत

संजय गांधी निराधार अनुदान, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन किंवा मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण यांपैकी कोणत्याही योजनेचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ‘मला मिळेल का?’ हाच असतो आणि त्याचे उत्तर बहुधा शेजाऱ्याला मिळाले की नाही, यावरून दिले जाते. असे उत्तर भरवशाचे नसते, कारण शेजाऱ्याला लाभ मंजूर झाला तेव्हाची अट आज बदललेली असू शकते आणि त्याच्या घरातली माणसे, वये व कागदपत्रे आपल्यासारखी असतीलच असे नाही. राज्याच्या योजनेचा नियम शासन निर्णयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘जीआर’मध्ये असतो. बातमी, माहितीपत्रक आणि फिरत आलेला संदेश ही त्याची आटोपशीर रूपे असतात, आणि आटोपताना सर्वांत आधी अपवादच गळतात.

शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. इथे एक साधी चूक वारंवार होते. निराधार अनुदानाचा अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा असल्यामुळे लोक त्याचा निर्णय महसूल विभागाच्या यादीत शोधतात, आणि तो तिथे सापडत नाही; योजना सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची आहे, तहसीलदार केवळ तिची अंमलबजावणी करतात. लाडकी बहीण योजना महिला व बाल विकास विभागाची आहे. तेव्हा अर्ज कुठे द्यायचा यापेक्षा योजना कोणत्या विभागाची, हे आधी पाहावे. निर्णयावरील लांबलचक संकेतांकाचे पहिले आठ अंक वर्ष, महिना व दिवस सांगतात, त्यामुळे हाती आलेली प्रत केव्हाची आहे, हे एका नजरेत कळते.

निर्णय उघडल्यावर पात्रतेच्या परिच्छेदावर उडी मारण्याचा मोह आवरावा आणि प्रथम वरच्या भागातील ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या मथळ्याखालील यादी पाहावी. या योजनेबाबत पूर्वी निघालेले निर्णय तिथे क्रमाने दिलेले असतात. नवा निर्णय जुना निर्णय अधिक्रमित करतो, म्हणजे पूर्ण बाजूला सारून त्याची जागा घेतो, की त्यातील एखादेच कलम बदलतो, हे नीट तपासावे; अधिक्रमित झालेला निर्णय बाजूला ठेवता येतो, पण केवळ सुधारणा झाली असेल तर दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावे लागतात. शुद्धिपत्रक आणि पूरकपत्र दिसायला किरकोळ असतात, तरी अर्जाचे भवितव्य अनेकदा त्यांतील एका ओळीवर ठरते.

याचे चांगले उदाहरण लाडकी बहीण योजनेचेच आहे. २८ जून २०२४ च्या निर्णयात वयोमर्यादा २१ ते ६० वर्षे होती आणि पाच एकरांपेक्षा अधिक शेती असलेल्या कुटुंबाला वगळण्याची अट होती. अवघ्या पाच दिवसांनी, ३ जुलैच्या निर्णयाने वयाची कमाल मर्यादा ६५ केली, शेतीची अट काढून टाकली आणि अधिवास प्रमाणपत्र नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला यांपैकी एक कागद चालेल, असे ठरवले. पहिला निर्णय वाचून घरी बसलेल्या बासष्ट वर्षांच्या बाईने दुसरा वाचला नसता, तर तिचा हक्क तिच्या नकळत बुडाला असता.

याच सुधारणेत पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड असणाऱ्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. हे वाक्य शब्द मोजून वाचावे. सूट दाखल्यातून आहे, अडीच लाख रुपयांच्या वार्षिक उत्पन्नमर्यादेतून नाही. अट आणि अटीचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘कागद मागितला नाही, म्हणजे अटच नाही’ असे समजून भरलेला अर्ज पुढे पडताळणीत अडचणीत येतो.

यानंतर व्याख्यांकडे वळावे. माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यायला हवा. ‘कुटुंब’ हा शब्द आपण एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांसाठी वापरतो, पण ३ जुलैच्या निर्णयात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले एवढेच. समजा, एका घरात विधवा सासू, मुलगा आणि सून राहतात आणि मुलाच्या नावावर चारचाकी गाडी आहे. ट्रॅक्टर सोडून अन्य चारचाकी असलेले कुटुंब या योजनेत अपात्र ठरते. व्याख्या शब्दशः लावली तर मुलाची गाडी सुनेच्या आड येते, सासूच्या नाही, कारण मुलगा विवाहित असल्यामुळे तो सासूच्या ‘कुटुंबा’त मोजला जात नाही. पडताळणीत सासूचेही नाव कापले गेले, तर तक्रारीत याच व्याख्येचा परिच्छेद क्रमांकासह उद्धृत करावा. मात्र एका योजनेची व्याख्या दुसरीला लावू नये. प्रत्येक योजनेचे ‘कुटुंब’ तिच्या स्वतःच्या निर्णयातच शोधावे.

वयाचेही तसेच आहे. कोणाचे वय आणि कोणत्या दिवशीचे, असे दोन प्रश्न विचारावेत. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालील घरातील कमावती व्यक्ती दगावल्यास एकरकमी २०,००० रुपये मिळतात. तिथली १८ ते ५९ वर्षांची अट मृत व्यक्तीच्या वयाची आहे, अर्ज करणाऱ्या पत्नीच्या नव्हे. निराधार अनुदान ६५ वर्षांखालील व्यक्तींसाठी आहे आणि श्रावणबाळ त्यापुढील वयासाठी, त्यामुळे पासष्टीच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी दोन्ही निर्णय वाचलेले बरे.

उत्पन्नाचा आकडा नेहमी महिन्यात रूपांतरित करून पाहावा. निराधार अनुदानासाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. अनुदान ६०० वरून २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले, तेव्हाही २१,००० चा आकडा जागेवरच राहिला. मजुरी करणाऱ्या बहुतेक घरांना ही मर्यादा किती तोकडी पडते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २०२५ मध्ये २,५०० करण्यात आली. जुन्या माहितीपत्रकांत आजही ६०० किंवा १,००० असे आकडे आढळतात. ते खोटे नसतात, शिळे असतात.

मग योजनांचा एकमेकींशी असलेला संबंध तपासावा. अन्य शासकीय योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा अधिक मिळत असल्यास लाडकी बहीणचा लाभ मिळत नाही. त्याहून कमी मिळत असल्यास फरक मिळतो. पीएम किसान आणि नमो शेतकरी यांचे प्रत्येकी ६,००० मिळून वर्षाला १२,००० होतात, म्हणजे महिन्याला १,०००. म्हणून अशा महिला शेतकऱ्याला उरलेले ५०० देण्याची तरतूद आहे. काही ठिकाणी लाभार्थ्याला दिसणाऱ्या एका रकमेत दोन सरकारांचा पैसा असतो. श्रावणबाळच्या गट ‘अ’ मध्ये दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेले येतात आणि त्यांच्या रकमेत केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेचा वाटा असतो, जो ८० वर्षांखाली २०० आणि त्यापुढे ५०० रुपये आहे. यादीत नाव नसलेले, पण २१,००० च्या मर्यादेत बसणारे गट ‘ब’ मध्ये येतात. आपण कोणत्या गटात आहोत, हे मंजुरीच्या पत्रावर पाहून ठेवावे.

पैसे आले नाहीत, तर नियमाने नाकारले गेले की वाटेत अडकले, हे आधी वेगळे करावे. खाते आधारशी जोडलेले नसणे किंवा वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला राहून जाणे ही पात्रतेची नव्हे, वितरणाची अडचण आहे आणि तिच्यासाठी नवा अर्ज करण्याची गरज नसते. अर्जच नामंजूर झाला असेल, तर कारण तोंडी ऐकून परत फिरू नये. ते लेखी मागावे. कार्यालय टाळाटाळ करत असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना तेही माफ आहे, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. त्या अर्जात ‘माझा अर्ज का नाकारला?’ एवढेच विचारण्यापेक्षा दोन गोष्टी मागाव्यात : आपल्या अर्जावरील निर्णयाच्या टिपणीची प्रत, आणि ज्या शासन निर्णयाच्या आधारे तो घेतला त्याचा क्रमांक, दिनांक व परिच्छेद.