ड्रॅग रेडियल टायर कसे निवडावेत? रस्त्यावर आणि स्ट्रिपवर दोन्हीकडे पळणाऱ्या गाडीसाठी

ओहायोतल्या नॉरवॉकच्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवर, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या मस्टँग जीटीला नुकताच सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबणारा पंप) बसला होता आणि टायर मात्र रोजचेच, उन्हाळी. हिरवा दिवा लागला, मी पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी फिरक्या घेत राहिली. शेवटी हातात आलेल्या चिठ्ठीवर पहिल्या ६० फुटांचा वेळ होता २.३ सेकंद, पाव मैलाचा १२.२, आणि शेवटचा वेग ताशी १२७ मैल. ज्याला चिठ्ठी वाचता येते त्याला यात गंमत दिसेल. १२७ चा वेग म्हणजे गाडीत दम आहे. १२.२ म्हणजे तो दम जमिनीपर्यंत पोचलेलाच नाही. पुढे टायर बदलून, इंजिनाला हातही न लावता, तीच गाडी १०.७ ला आली. मधल्या काळात टायरांच्या बाबतीत मी ज्या चुका केल्या, त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितो आहे.

आधी दोन शब्द टायरबद्दल. ड्रॅग रेडियल दिसायला साध्या टायरसारखाच, त्यावर डीओटीचा (अमेरिकेच्या परिवहन खात्याचा) शिक्का असतो, म्हणजे अमेरिकेत तो रस्त्यावर चालवता येतो. पण रबर इतकं मऊ की नखाने दाबलं तर खूण उमटावी. साध्या टायरवर झिजेचा एक आकडा कोरलेला असतो. चांगल्या उन्हाळी टायरवर तो २०० ते ३०० च्या घरात दिसतो, ड्रॅग रेडियलवर १०० किंवा चक्क ००. तो आकडा वाचला की टायर किती दिवस टिकेल याचा अंदाज येतो: काही हजार मैल, आणि बर्नआउटचा, म्हणजे चाकं जागेवर फिरवून टायर तापवण्याचा, शौक असेल तर तेवढेही नाहीत.

पहिलं काम: मैलांचा खरा हिशेब

कागद घ्या आणि मागच्या वर्षी गाडी किती मैल रस्त्यावर चालली आणि स्ट्रिपवर किती फेऱ्या झाल्या ते लिहा. पुढच्या वर्षी काय करणार ते लिहू नका. तिथे सगळेच खोटं बोलतात, मीही बोललो होतो.

आठवड्यातून दोनदा गाडी बाहेर निघत असेल, पावसात अडकण्याची शक्यता असेल आणि स्ट्रिप वर्षातून चार-पाचदा, तर जास्त खाचा असलेला टायर घ्या. निट्टो एनटी५५५आर किंवा मिकी थॉम्पसनचा ईटी स्ट्रीट एस/एस या जातीचे. गाडी मुख्यतः स्ट्रिपसाठीच असेल आणि रस्ता म्हणजे घर ते स्ट्रिप एवढाच, तर निट्टो एनटी०५आर, ईटी स्ट्रीट आर, हूझियरचा डीआर२ असे टायर पाहा. त्यांच्यावर खाचा नावापुरत्याच असतात. त्यापलीकडे ईटी स्ट्रीट रेडियल प्रो सारखे टायर येतात. ते शर्यतीच्या वर्गांसाठी आहेत, भाजी आणायला जायचे नाहीत.

इथे एक खड्डा आहे. ईटी स्ट्रीट आर हे नाव वाचून अनेकांना तो रेडियलच असतो असं वाटतं. तसं नाही. याच नावाखाली बायस प्लाय, म्हणजे वेगळ्या बांधणीचा, टायरही विकला जातो; फरक पुढे सांगतो. नावातल्या ‘आर’वर जाऊ नका, मापातला ‘आर’ शोधा: २७५/६०आर१५ असेल तर रेडियल, २८ x ११.५०-१५ असं इंचांत लिहिलं असेल तर बायस.

दुसरं: गिअरबॉक्स कोणता?

हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही, आणि खरं तर निवडीचा अर्धा निकाल इथेच लागतो. रेडियलमध्ये आतले धागे चाकाच्या मध्यापासून सरळ बाहेर जातात आणि वर ट्रेडखाली (जमिनीला टेकणाऱ्या थराखाली) कडक पट्टा असतो. बायसमध्ये धागे एकमेकांवर तिरके गुंफलेले असतात. त्यामुळे गाडी सुटताना बायसची बाजू सुरकुतते, धक्का पोटात घेते आणि मग सोडते. रेडियल एवढं सुरकुतत नाही. तो पकडतो किंवा सोडतो. आणि एकदा सुटला की परत पकडायला कुरकुरतो. बायस थोडा घसरत घसरतही पुढे नेतो.

म्हणून ऑटोमॅटिक गाडीला, जिथे टॉर्क कन्व्हर्टर ताकद सलगपणे देतो, रेडियल छान जमतो. शिवाय वेगात तो कमी फुगतो, कमी ताकद खातो, शेवटचा वेग चांगला मिळतो. हाताने गिअर टाकायची गाडी असेल आणि तुम्ही ५,५०० आरपीएमवर क्लच सोडणारे असाल, तर कडक टायर आणि कडक क्लच यांच्यामध्ये जे सापडतं ते तुटतं. माझ्या एका मित्राची उजवी हाफ-शाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारा दांडा) अशीच गेली. टायर घसरत होता तोवर तोच फ्यूजचं काम करत होता. मॅन्युअल गाडीला एकतर बायस टायर घ्या, नाहीतर रेडियलसोबत शाफ्ट आणि क्लच यांचाही खर्च आधीच धरा. मात्र मागे बायस आणि पुढे रेडियल अशी जोडी रोजच्या रस्त्यावर नको. हायवेवर गाडी मागून वळवळते.

तिसरं: माप

रुंदी सगळे बघतात. मी उंची आधी बघायला सांगेन, त्यातही साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची.

माझ्या गाडीचे मूळ मागचे टायर २७५/४०आर१९. साइडवॉल २७५ चे ४० टक्के, म्हणजे ११० मिलिमीटर. पूर्ण व्यास सुमारे २७.७ इंच. त्याजागी १७ इंची रिमवर ३०५/४५आर१७ बसवला तर साइडवॉल १३७ मिलिमीटर होते आणि व्यास २७.८ इंच. म्हणजे स्पीडोमीटर आणि ट्रॅक्शन कंट्रोलच्या संगणकाला फारसं कळतही नाही, पण सुटताना वाकायला पाव पट रबर जास्त मिळतं. कारखान्यातून निघालेल्या गाड्यांकडे पाहा: डॉजने २०१८ च्या डीमनला ३१५/४०आर१८ मापाचे निट्टो ड्रॅग रेडियल दिले, आणि २०२३ च्या डीमन १७० ला मागे ३१५/५०आर१७ चे मिकी थॉम्पसन. ताकद वाढली तशी रिम एक इंच लहान झाली आणि साइडवॉल जाड. कंपनीच्या इंजिनिअरांना दिखाव्याची हौस असती तर २० इंची रिम लावली असती.

व्यास बदलायचाच असेल तर शेवटच्या रेषेवर इंजिन किती फिरेल हे काढा. आरपीएमला टायरच्या इंचातल्या व्यासाने गुणा, त्याला गिअरचं गुणोत्तर, ॲक्सलचं गुणोत्तर आणि ३३६ यांच्या गुणाकाराने भागा, ताशी मैलांत वेग मिळतो. ६,५०० आरपीएम, ३.७३ चा ॲक्सल, गिअर १:१ धरला तर २५.७ इंची टायरवर १३३ मैल आणि २८ इंचीवर १४५. १३५ ला रेषा ओलांडणारी गाडी पहिल्या टायरवर रेषेच्या अलीकडेच लिमिटरला (इंजिनाच्या आरपीएमच्या मर्यादेला) आपटेल किंवा तिथे आणखी एक गिअर टाकावा लागेल.

चौथं: बसतो का?

ऑनलाइन याद्यांवर सगळं बसतं. तुमच्या गाडीत बसतं का, ते गाडीखाली शिरूनच कळतं. मी घरच्या कणकेचे लिंबाएवढे गोळे केले, प्लास्टिकमध्ये गुंडाळून टायर आणि आतल्या पत्र्यामध्ये, आणि वर फेंडरच्या काठाला चिकटवले. मग मागच्या सीटवर दोन धडधाकट माणसं बसवून गल्लीत सावकाश एक चक्कर. गोळा चेपून किती जाड उरला ते स्केलने मोजलं. आतल्या बाजूला जेमतेम ६ मिलिमीटर उरलं होतं, म्हणून रिमचा ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते माप) बदलून घेतला. बायको अजून विचारते, ती कणीक गेली कुठे.

१५ इंची रिमचा मोह असेल तर ब्रेक आधी मोजा. नव्या गाड्यांच्या मागच्या डिस्क आणि कॅलिपर बहुतेकदा १५ इंचात मावत नाहीत. त्यासाठी ब्रेकच बदलावे लागतात आणि तो खर्च टायरपेक्षा मोठा. रिमची रुंदीही टायरच्या तक्त्यात दिलेल्या मर्यादेतच हवी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर मधला भाग फुगतो आणि कडा जमिनीला लागतच नाहीत. आणि टायरवरचा भार व वेग यांचा आकडा वाचा. बऱ्याच ड्रॅग रेडियलवर वेगाचा दर्जा लिहिलेलाच नसतो.

पाचवं: वय पाहून पैसे द्या

डीओटीच्या शिक्क्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मला एका दुकानाने ‘अगदी नवे’ म्हणून घरपोच पाठवलेले टायर शेल्फवर चार वर्षं पडून होते. ट्रेड कोरी, पण नख रुतत नव्हतं. मऊ रबराला वय लवकर लागतं. ऑर्डर देण्याआधी तारीख फोनवरच विचारा.

थंडीही बघा. मी मिशिगनमध्ये राहतो. असे टायर गोठणबिंदूखाली चालवू नयेत, तशा थंडीत गाडी ढकलून हलवूही नये, ट्रेडला तडे जाऊ शकतात. नोव्हेंबर ते एप्रिल माझे टायर तळघरात काळ्या पिशव्यांत असतात. पावसात तर हात जोडूनच: खाचा उथळ असल्यामुळे पाणी कापलं जात नाही, गाडी पाण्यावर तरंगते. ढग दिसले तर गाडी घरीच.

आपल्याकडे, लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर, पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. पण विमानाची धावपट्टी आणि अमेरिकेतली तयार स्ट्रिप यांत फरक आहे. तयार स्ट्रिपवर सुटण्याच्या जागेला चिकट रसायन आणि रबराचा थर असतो, चप्पल उचलताना चर्रर आवाज येतो. अशा जमिनीवरच ड्रॅग रेडियल पूर्ण कामाला येतो. कोऱ्या, धुळीच्या डांबरावर त्याचा फायदा बराच कमी होतो. अशा ठिकाणीच धावणार असाल तर सर्वात महागाचा घेऊ नका.

टायर बसवल्यावर

रिमवर चढवताना साबणाचं पाणी लावतात. ते वाळायला एक पूर्ण दिवस द्या, नाहीतर पहिल्यांदा सुटतानाच रिम फिरेल आणि टायर जागेवर राहील.

स्ट्रिपवर हवा २० पीएसआयपासून सुरू करा आणि एकेक पीएसआय खाली या. प्रत्येक फेरीनंतर चिठ्ठीवरचा ६० फुटांचा आकडा पाहा. तो सुधारायचा थांबला की तिथेच थांबा. बायसवाले १०-१२ वर जातात, त्यांच्या नादी लागू नका. रेडियलची बाजू एवढ्या कमी हवेत लडबडते. घरी निघण्यापूर्वी हवा पुन्हा रस्त्याच्या आकड्यावर आणायला विसरू नका. सुटण्याच्या जागेमागे टायर ओले करायला केलेल्या पाण्याच्या डबक्यात पुढची चाकं घालू नका, वळसा घालून जा आणि मागची चाकं मागे घेत ओली करा, नाहीतर पुढच्या खाचांतलं पाणी तुमच्याच रेषेवर सांडेल. मग पाण्यातून बाहेर येऊन बर्नआउट, धूर दिसू लागला की बस. रेडियलला जास्त भाजलं तर रबर तेलकट होतं. आणि हेल्मेट गाडीतच ठेवा: एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या) नियमाने पाव मैल १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळात धावणाऱ्याला ते लागतंच, आणि या टायरवर तुम्ही नक्की त्याच्या आत याल.

शेवटची गोष्ट पांढऱ्या रंगाच्या पेनाने होते. रिमच्या काठावरून टायरवर एक सरळ रेघ ओढा, दोन्ही मागच्या चाकांवर. प्रत्येक फेरीनंतर वाकून पाहा. रेघेचे दोन तुकडे झाले असतील आणि मध्ये दोन बोटांचं अंतर पडलं असेल, तर टायर रिमवर सरकला आहे. हवा दोन पीएसआय वाढवा. एवढ्या सरकण्याने चाकाचा तोलही जातो. त्या रात्री घरी परतताना सत्तरच्या वेगाला सीट थरथरायला लागली, तर बेअरिंगला शिव्या देण्याआधी ती रेघ पाहून घ्या.